जावयाला शिकवलेला हात

उस्तादच्या हाताला तोड नाही, असं कारखान्यात जो तो म्हणायचा. त्याच्या छातीबद्दल कुणी काही म्हणत नसे, कारण छाती कुणाला दिसत नाही.

घरात तो थोरला. कारखाना बस बांधायचा, आणि बसच्या बाजूचा जो लांबलचक पत्रा असतो, ज्याच्याकडे चढणारा-उतरणारा कुणी ढुंकूनही बघत नाही, तो रंगवण्यात त्याची तेवीस वर्षं गेली होती. रंगाच्या धंद्यात थराला थर म्हणत नाहीत, हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. शेवटचा हात उस्तादचा. फवाऱ्याची गन घेऊन तो पत्र्यासमोर उभा राहिला की बाकीचे पाच रंगारी आपापली कामं सोडून बघत राहायचे, आणि इतक्या वर्षांत त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही असं जर तो म्हणाला तर ते खोटं आहे. त्याला आवडायचं.

गुपित असं काही नव्हतं. एका दमात एक पट्टा, एवढंच. पत्र्याच्या या टोकाला छाती भरून घ्यायची, गनचा खटका दाबायचा आणि पलीकडच्या टोकाला खटका सुटेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतला की खांदा हलतो, खांदा हलला की मनगट हलतं आणि मनगट हललं की रंगाला ओघळ सुटतो. त्याला हे ज्यानं शिकवलं तो म्हातारा खोकून खोकून गेला होता. पण मेलेल्या माणसाचा हात चांगला होता एवढंच मागे राहतं, खोकला कुणी लक्षात ठेवत नाही. मास्क होते. कागदावर तर दर पंधरा दिवसांनी नवे होते. प्रत्यक्षात ते दुपारपर्यंत घामानं ओलेचिंब व्हायचे आणि मग हनुवटीखाली लोंबायचे.

धाकटा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. आई-वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतः हाताला धरून बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या बंद खोलीत, आणलं. आपल्या नजरेसमोर राहील, आपल्या हाताखाली तयार होईल, हा विचार. तसा तो तयार झालाही. नजरही भावाची, मनगटही भावाचं, आणि हवाही अर्थात तीच, भावाच्या वाट्याची.

गेल्या तीन-चार वर्षांत थोरल्याचा दम आखूड होत चालला होता. आधी पट्टा संपता संपता छाती मागणी करायची, मग पाऊण वाटेवर, मग अर्ध्यावर. त्यानं एक युक्ती बसवली. मध्येच श्वास घ्यावाच लागला तर हात क्षणभर थांबवायचा आणि त्याच क्षणी खटक्यावरचं बोट सैल सोडायचं, म्हणजे रंग त्या जागी जास्त बसणार नाही. हे तो इतक्या सफाईनं करायचा की शेजारी उभ्या असलेल्या रंगाऱ्याला, टकलूलासुद्धा कधी कळलं नाही, आणि टकलूच्या नजरेतून माशी सुटत नसे.

राहता राहिली फुंकणी. वर्षातून एकदा बाहेरून एक बाई पेटी घेऊन यायची, नळीत फुंकायला लावायची आणि आकडा लिहून घ्यायची. आकडा कमी आला की बूथ बंद, माणूस घरी. रंगाऱ्यांनी त्या यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं होतं. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, दिसतात ते फक्त डोळे, आणि दोघा भावांचे डोळे बापाचे, एकसारखे. तेव्हा धाकटा रांगेत एकदा, नळीपुरता मास्क उचलून, स्वतःच्या नावावर फुंकायचा आणि मागे वळसा घालून पुन्हा थोरल्याच्या नावावर फुंकायचा. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. थोरल्याला त्याची लाज वाटायची, पण लाजेपेक्षा गन सोडायची भीती मोठी होती.

मग एका सोमवारी बूथमध्ये जावई आला.

कागदोपत्री त्याला यंत्रमानव म्हणत. त्यातलं यंत्र दिसत होतं, मानव शोधूनही सापडत नव्हता. डोकं नाही, पाय नाहीत, जमिनीत बोल्टांनी घट्ट आवळलेला, सहा सांध्यांचा नुसता एक पिवळा हात. पण त्याचा थाट काय विचारता! त्याला आणायला अकरा माणसं गेली. त्याच्यासाठी फरशी नव्यानं सपाट केली, खोली गार ठेवायचा हुकूम निघाला. त्याच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, तो फिरला की आपण बाजूला व्हायचं.

“हा कसला यंत्रमानव,” टकलू म्हणाला, “हा तर जावई आहे. आपण काय ते सासरचे.”

सगळे हसले. हसता हसता गप्प झाले, कारण वेल्डिंगला असे चार जावई दोन वर्षांपूर्वीच येऊन बसले होते. तिथल्या माणसांचे डोळे वाचले हे कुणीही नाकारत नव्हतं. पूर्वी तिथले लोक संध्याकाळी डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडायचे. आता चौदातले तिघे कामावर होते आणि बाकीचे आपले वाचलेले डोळे घेऊन घरी बसले होते.

नव्या यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. तिनं सगळ्या बूथला समजावून सांगितलं की हा हात स्वतःच्या बुद्धीनं काही करत नाही, त्याला शिकवावं लागतं. त्याच्या मनगटाला एक मूठ असते, ती जाणत्या माणसानं धरायची आणि रंग न सोडता नेहमीसारखा पट्टा मारायचा. ती हालचाल तो लक्षात ठेवतो आणि मग तशीच्या तशी करतो, हजार वेळा, दहा हजार वेळा. “तर तुमच्यात सगळ्यात चांगला हात कुणाचा?” तिनं विचारलं. पाच जणांनी एकदम जमिनीकडे बघितलं आणि त्यावरून तिला कळलं.

दुपारच्या सुट्टीत बाकीच्यांनी उस्तादला घेरलं.

“शिकव की,” टकलू म्हणाला. “पण वाकडं शिकव. ओघळ येऊ देत, ठिपके येऊ देत. महिन्याभरात जावई सासर सोडून जातो की नाही बघ.”

“दादा, एवढं कर आमच्यासाठी,” धाकटा म्हणाला. त्याची मुलगी त्या वर्षी शाळेत जायला लागली होती.

थोरल्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही ठरवता आलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मूठ हातात आली, समोर कोरा पत्रा आला, आणि त्याच्यानं वाकडं मारवेना. तेवीस वर्षं ज्या हातानं सरळ मारलं तो हात ऐकेचना! तीन दिवस तो मन लावून शिकवत होता. जीव तोडून, अगदी खरं खरं. मित्रांचा विश्वासघात करतोय हे त्याला समजत होतं, आणि तरी प्रत्येक पट्टा साधला की आतून बरं वाटत होतं. माणसाचं असंच असतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथ्या दिवशी जावयानं एकट्यानं पहिला पत्रा रंगवला. पत्रा बाहेर आला आणि त्यावर ओघळ होते. एक नाही, प्रत्येक पट्ट्यात तीन-तीन, चार-चार.

बूथमध्ये दिवाळं निघाल्यासारखी शांतता पसरली ती साहेबाच्या बाजूला. रंगाऱ्यांच्या बाजूला टकलूनं उस्तादची पाठ इतक्या जोरात थोपटली की त्याला खोकला आला. “मानलं तुला! चेहऱ्यावर एक रेघ हलू दिली नाहीस.” धाकट्याच्या डोळ्यांत जे होतं ते थोरल्यानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. भाऊ म्हणजे काय हे आज कळलं, असं ते होतं. खरं सांगायला थोरल्याची जीभ रेटली नाही.

कारण तो एव्हाना समजून चुकला होता. श्वासासाठी हात थांबला हे जावयानं बरोबर टिपलं होतं. त्याच क्षणी बोट सैल पडलं, हे त्याला कळलंच नव्हतं, कारण त्या मुठीला खटका असा नव्हताच, नुसतं चालू आणि बंद करायचं बटण होतं, आणि शिकवताना रंग नसल्यानं ओघळ कुणाला दिसले नव्हते. हात थांबायचा आणि रंग वाहत राहायचा.

इंजिनिअर मुलीनं त्याला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर त्याच्या हाताची रेघ होती. मध्ये मध्ये गाठी होत्या.

“काका, या जागी हात थांबतो,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी सकाळी एका पट्ट्यात दोनदा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वेळा. मुद्दाम करणारा माणूस ठरावीक जागी करेल. हे तसं नाही. काय होतं हो तुम्हाला तिथं?”

तीन-चार वर्षांत जे डॉक्टरला, बायकोला, फुंकणीला सापडलं नव्हतं, ते त्या बिनडोक्याच्या हातानं तीन दिवसांत रेघ काढून दाखवलं होतं.

“दम लागतो,” तो म्हणाला.

मागे साहेब उभा होता. त्यानं फाइल उघडली आणि फुंकणीचे आकडे वाचले. गेल्या तीन वर्षांचे, एकाहून एक सरस. “उस्ताद, ही छाती पोहणाऱ्याची आहे. आणि तुम्हाला दम लागतो? दम मी देतो तुम्हाला. आठ दिवसांत यंत्र नीट शिकलं नाही तर मुद्दाम नासधूस केली म्हणून सहाच्या सहा जणांना बाहेर काढीन. नीट शिकलं तर सहाही जणांना दुसऱ्या खात्यात घेतो. बघा काय ते.”

ते आकडे कुणाच्या छातीचे, हे सांगायचं म्हणजे धाकट्याला बुडवायचं. थोरला खाली मान घालून उठला.

साहेबाची अट त्यानं बूथमध्ये कुणाला सांगितली नाही, घरी बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथं ओल्या चादरींचे ढीग न्यायला आपोआप चालणारी गाडी आली होती, आणि ती आल्यापासून तिची कंबर सरळ झाली होती. “अहो, मला विचाराल तर त्या गाडीला मी रोज दुवा देते,” ती म्हणाली. “नऊ बायकांपैकी आम्ही चारच राहिलो, ते वाईटच झालं. पण माझी कंबर माझी मला परत मिळाली. तुम्ही त्या घाणीतून सुटताय तर सुटा की. आणि भाऊजींनाही सोडवा.”

“तो सुटायला तयार नाही.”

“बुडणारा तयार आहे का म्हणून कोण विचारतं?”



त्याच आठवड्यात फुंकणी आली. रांग लागली. धाकटा आपल्या नावावर फुंकून आला आणि नेहमीसारखा वळसा घालून थोरल्याच्या नावावर उभा राहिला. थोरला खांबाआडून बघत होता. फुंकर सुरू झाली आणि अर्ध्यावर तुटली. “जोर लावा हो, जेवला नाहीत का?” बाई म्हणाली. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो कमरेत वाकला, हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं टाकून. बाईला दुपारच्या आत दुसऱ्या कारखान्यात जायचं होतं. तिनं काहीतरी आकडा लिहिला आणि पुढच्याला हाक मारली.

थोरल्याला तो खोकला ओळखता आला. म्हाताऱ्याचा तोच, त्याचा स्वतःचा तोच. जी फुंकर इतकी वर्षं दोघांना पुरत होती ती आता एकालाही पुरत नव्हती, आणि बाहेर सगळे समजत होते की जावयाला हाकललं की धाकटा वाचला. त्यांच्या हिशेबानं आणखी दहा वर्षं तो या बूथमध्ये वाचणार होता! या बूथचं दार याला मीच दाखवलं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनिअर मुलीकडे गेला. “मॅडम, एक पट्टा तुकड्यातुकड्यांनी शिकवला तर जोडता येतो का?”

“येतो. जोड दिसणारही नाही.”

“मग बसा. मला एका दमात हातभर जमतं. तेवढं तेवढं देतो.”

तिनं त्याच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली. पाच दिवस तो हातभर पट्टा मारायचा, बसायचा, श्वास जमवायचा, उठायचा. तिनं ते तुकडे जोडले. शनिवारी जावयानं पत्रा बाहेर काढला आणि तो पाण्यासारखा सपाट होता. उस्तादच्या पंचविशीतला हात, दम शाबूत असतानाचा. पत्र्यासमोर थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती अभिमानाचं आणि किती कशाचं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

टकलू त्याच्या पायांशी थुंकला. धाकटा फाटकाबाहेर त्याची वाट बघत उभा होता.

“साहेबानं काय दिलं तुला?”

“काही नाही. तू खोकतोस. मी बघितलं फुंकणीच्या वेळी.”

“मग?”

“मग काय? म्हाताऱ्यासारखा मरशील. साहेब दुसऱ्या खात्यात घेणार आहे सगळ्यांना, तिथं—”

“मला विचारलंस?” धाकट्याचा आवाज चढला नाही, त्यानंच जास्त लागलं. “तीन वर्षं तुझ्यासाठी फुंकलं मी. तुझी गन जाऊ नये म्हणून. आणि माझी गन घालवताना तुला एक शब्द विचारावासा वाटला नाही, दादा?”

त्या दिवशी धाकट्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

साहेबानं शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. दुसऱ्या खात्यात घेण्याआधी प्रत्येकाची तपासणी झाली, या वेळी खरीखुरी, मोठ्या इस्पितळात, एकेकाचा चेहरा बघून. टकलू आणि आणखी दोघे पास होऊन सीटा बसवायच्या खात्यात गेले. चौथा आपल्या मेहुण्याच्या दुकानात गेला. धाकट्याच्या कागदावर लाल शिक्का पडला, धुळीच्या नाही, वासाच्या नाही, ओझ्याच्या नाही, कोणत्याच कामाला योग्य नाही. थोरल्याला तपासणीला बोलावलंच नाही, कारण तो कुठं जाणार नव्हता. जावयाची देखभाल कुणीतरी करायला हवी होती. त्याला काचेबाहेर, स्वच्छ हवेत खुर्ची मिळाली. दिवसातून चार वेळा त्या पिवळ्या हाताचं नाक, म्हणजे रंगाची तोटी, पुसायची, बाकी वेळ बघत बसायचं. आत त्याचा स्वतःचा हात रंग मारत असायचा.

हवा खरंच चांगली होती. दोन महिन्यांत त्याचा खोकला अर्ध्यावर आला. बायको म्हणाली, रंग परतला तुमच्या तोंडावर. डॉक्टरनं सांगितलं की आता फवाऱ्याच्या आसपासही फिरकायचं नाही, पुन्हा धूर गेला तर पलंगाशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं येईल. थोरला हो म्हणाला.

धाकटा कुठं काम करतो ते त्याला भावजयीकडून नव्हे, धाकट्याच्या मुलीकडून कळलं. “बाबा कपाटं लाल करतात,” ती म्हणाली. तिचे केस विंचरताना तिच्या आईनं तिला गप्प केलं. थोरल्यानं पुढच्या सुट्टीच्या दिवशी गल्ल्या पालथ्या घातल्या आणि गोदामांच्या मागे एक पत्र्याची शेड शोधून काढली.

तिथं बूथ नव्हता, पंखा नव्हता, खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता. लोखंडी कपाटांची रांग, आणि लाल धुक्यात धाकटा, तोंडाला बनियन बांधून. त्याच्या भुवयासुद्धा लाल झाल्या होत्या. दोन कपाटांच्या मध्ये तो भिंतीला हात टेकून उभा राहायचा.

“इथून चल,” थोरला म्हणाला. “काहीही कर, दुसरं काहीही. मी पाया पडतो तुझ्या.”

धाकट्यानं बनियन खाली ओढलं. किती दिवसांनी तो भावाशी बोलला. “इथं कुणी फुंकायला लावत नाही,” एवढंच तो म्हणाला आणि बनियन परत वर केलं.

थोरला आत गेला आणि त्यानं भावाच्या हातातली गन काढून घेतली. “बाहेर जा. झाडाखाली बस. संध्याकाळपर्यंत आत यायचं नाही.”

शेडचा मालक स्टुलावर बसून फोनवर बोलत होता. त्यानं फोन कानापासून थोडा लांब केला. “मला काय, दोघं मिळून एक माणूस धरीन,” तो म्हणाला आणि पुन्हा बोलायला लागला.

धाकटा बाहेर गेला.

तेव्हापासून दर सुट्टीला थोरला शेडवर जातो. आठवड्यातला एक दिवस तरी धाकट्यानं बाहेरची हवा खावी, याहून जास्त त्याच्या हातात काही उरलेलं नाही. संध्याकाळी भुवया घासून धुतो आणि मगच घरी येतो. धाकटा अजून त्याच्याशी बोलत नाही. भाऊ दारात दिसला की गन पुढे करतो आणि निघून जातो. बायकोनं विचारलं तर थोरला सांगतो, धाकट्याकडे गेलो होतो, गप्पा मारत बसलो.